निरोग्यांच्या यादीतला धावजी

धावजी आडेला तांड्यात मान होता तो दोन कारणांनी. एक तर तो कारभारी. तांड्याचा मुख्य नाईक खरा, पण नाईकाला रामराम घालायचा आणि काम धावजीकडून करून घ्यायचं, अशी तिथली रीत पडून गेलेली. दुसरं कारण त्याला अकरा वर्षांपूर्वी मिळालं आणि त्याचाच त्याला जास्त तोरा होता. नागपूरहून दरवर्षी येणाऱ्या डॉक्टरांच्या कागदांत निरोगी माणसांची एक यादी होती, आणि त्या यादीत धावजीचं नाव पहिलं होतं.

त्याचं असं झालं. दारव्ह्याहून जीपने पाऊण तासावर असलेल्या या तांड्यात धरमसिंग जाधवाच्या घराला लडखडी होती. लडखडी हे तांड्याने दिलेलं नाव. चाळिशीत, एखाद्या वेळी पार साठीच्या तोंडावर, माणूस चालताना झुलायला लागायचा, मग हात कापायचे, मग जीभ जड व्हायची, आणि दहा-पंधरा वर्षांत तो बाजेला खिळायचा. मेंदूचा हा आजार लाखात एखाद्या घरात सापडतो आणि आईकडून किंवा बापाकडून पोरांत उतरतो. धरमसिंगच्या घरात तो चार पिढ्या उतरत आला होता.

डॉक्टर औषध देत नव्हते, कारण औषध नव्हतंच. ते फक्त पाहायचे. दरवर्षी जानेवारीत, कापसाचा शेवटचा वेचा आटोपत आला की त्यांची गाडी समाजमंदिरासमोर थांबायची. फरशीवर निळी पट्टी चिकटवायची, तिच्यावरून टाचेला अंगठा भिडवत दहा पावलं चालवायचं, एकदा स्वतःच्या नाकाला आणि एकदा डॉक्टरच्या बोटाला बोट लावायला सांगायचं, कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं वळण काढून घ्यायचं आणि सगळ्याचे गुण मांडून निघून जायचं. लोक म्हणायचे, हा तर बैलबाजार झाला; चालवून पाहतात, तोंड उघडून पाहतात, विकत काही घेत नाहीत.

आजारी माणूस वर्षभरात किती बिघडला हे ताडून पाहायला शेजारी धडधाकट माणूसही लागतो. तेच पाणी पिणारा, तीच भाकर खाणारा, तेवढ्याच वयाचा, पण त्या घराशी रक्ताचं नातं नसलेला. अशी नऊ माणसं तांड्यातून निवडली आणि धावजी त्यांतला पहिला. मग काय विचारता. दारव्ह्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर तो अनोळखी माणसालाही ऐकवायचा, "निरोगी मानूस कसा चालते ते पाहाचं असन त नागपूरवाले मले बलावते." जणू चालणं ही त्याने स्वतः कमावलेली इस्टेट होती.

डॉक्टरांना धावजीचा आणखी एक उपयोग झाला. आजार घराण्यात उतरतो तर घराण्याचं झाड कागदावर मांडावं लागतं, आणि झाड धावजीच्या तोंडात होतं. तांड्यात कोणाचा बाप कोण, त्याचा बाप कोण, हे त्याला सात-सात पिढ्या पाठ. तीन दुपारी त्याने मांडी न मोडता सांगितलं आणि डॉक्टर नुजहतने लिहून घेतलं. नुजहत दारव्ह्याचीच. वडिलांचं गॅरेज बसस्टँडच्या मागे, ती शिकून नागपूरला गेली आणि या कामासाठी परत येऊ लागली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं भरायचं, ही तिची रीत. तिसऱ्या दिवशी तिने कागद दूर धरून पाहिला आणि म्हणाली, "काका, यात चौकोनच चौकोन आहेत. या घरांत बाया नव्हत्या का?"

धावजी हसला होता. पाढा असाच म्हणतात, त्याने समजावलं. बाप, आजा, पणजा. लेक दिली की ती परक्या गोताची, तिचं नाव माहेरच्या पाढ्यातून गळतं. सासरी ती अमक्याची बायको. नुजहतने पुन्हा एकेका घरी जाऊन बायांची नावं गोळा केली, धरमसिंगच्या बहिणी, आत्या, त्यांची पोरं. एक गोल मात्र तिला मिळाला नाही. तो कुठे असतो हे धावजीला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला.

तो गोल त्याच्या आईचा होता.

तांडा धावजीची आई म्हणून ओळखायचा ती रुपीबाई, पाच वर्षांपूर्वी नव्वदी गाठून गेली तेव्हाही ताठ चालत होती. पण रुपीबाई बापाची दुसरी बायको. पहिली सुखीबाई. कापूस वेचताना तिला साप चावला तेव्हा ती तिशीचीही नव्हती आणि धावजी पाच वर्षांचा होता. तिची त्याला एकच आठवण होती, केसांत गुंफून कानाजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्यांचा आवाज. बाप दुसरं लग्न करीपर्यंत दीड वर्ष तो राळेगाव तालुक्यात मामाच्या तांड्यावर राहिला आणि मामाच्या पोराबरोबर, धरमसिंगबरोबर, बकऱ्या राखायला जायचा. पुढे मामाची शेती धरणात गेली आणि सगळं घर या तांड्यात राहायला आलं तेव्हा तांड्यातल्या म्हाताऱ्यांना नातं ठाऊक होतं. म्हातारे एकेक करून गेले. उरलेल्यांना जे ठाऊक ते धावजीच्या तोंडून आलेलं, आणि धावजीच्या तोंडून सुखीबाई कधी आलीच नाही. आधी रीत म्हणून आली नाही. नंतर का आली नाही, ते त्यालाच ठाऊक.

तर असा हा निरोगी माणूस तीन वर्षांपूर्वी पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावू लागला.

पहिल्यांदा त्याने चपलेला दोष दिला. मग चष्म्याला. मग गुडघ्यांना, आणि गुडघ्यांवर बरेच दिवस निभावलं, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांना कोणी उलट विचारत नाही. काठी घेतली ती कुत्र्यांसाठी, असं त्याने स्वतः होऊन चार घरी सांगितलं. जानेवारी जवळ आली की तो सकाळी शेतात जाऊन धुऱ्यावरून टाचेला अंगठा लावत चालायचा सराव करायचा. कारभारी, साठीला आलेला माणूस, दोन शेतांमधल्या बांधावर हात पसरून, ओठ चावत, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा. मागच्या वर्षी तो तसाच तुरीत पडला आणि बराच वेळ उठला नाही. लागलं काही नव्हतं. उठायचीच शरम वाटली, तिथे कोणी नसताना.

दरवर्षीच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न एकच असे: आईकडून किंवा वडिलांकडून, रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास होता किंवा आहे का? धावजीने अकरा वर्षं एकच उत्तर दिलं होतं. नाही.

यंदाही गाडी आली. धावजीची पाळी तिसऱ्या दिवशी होती; समाजमंदिराच्या दारात खुर्च्या मांडल्या गेल्या आणि नलूने नावं पुकारायला सुरुवात केली. नलू म्हणजे धरमसिंगची लेक, तेहतीस वर्षांची, लग्न न झालेली. सात वर्षांपासून ती नागपूरवाल्यांचं तांड्यातलं काम पाहायची. माणसं गोळा करायची, म्हाताऱ्यांचं गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा भाषेतलं, बोलणं डॉक्टरला मराठीत सांगायची. आणि एक काम तिच्याइतकं कोणाला जमत नसे. पट्टीवरून चालणाऱ्याच्या मागे दोन्ही हात पसरून चालायचं. हात लावायचा नाही, लावला तर गुण खोटे होतात. पडलाच तर मात्र जमिनीला टेकायच्या आत धरायचं.

धावजीने काठी भिंतीला टेकवली, धोतर सावरलं आणि पट्टीवर उभा राहिला. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला जमीन उजवीकडे सरकल्यासारखी झाली, आणि नलूने त्याला काखेत धरलं.

"ऊन आलं डोयात," तो म्हणाला.

"दार उत्तरेला आहे, काका," नुजहत म्हणाली. हसली नाही. तिने कागदावर आकडा लिहिला आणि शेजारच्या अंगणवाडीच्या खोलीकडे हात केला. "तिकडे बसू या. नलू, तू पण ये, काही शब्द अडला तर."

खोलीत भिंतीवर गाजर आणि मुळा काढलेले होते. धावजीला पोरांच्या खुर्चीत बसवत नाही म्हणून सतरंजीवर बसवलं. नुजहत त्याच्यासमोर बसली आणि सरळ बोलली.

"काका, तीन वर्षांपासून तुमचे आकडे उतरतायत. पहिल्या वर्षी मी म्हटलं थकवा असेल. दुसऱ्या वर्षी म्हटलं गुडघे असतील. गुडघ्यांनी बोलणं जड होत नाही, आणि तुमची जीभ आज दोनदा अडखळली. निरोगी लोकांच्या यादीत तुम्ही आता बसत नाही. म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारते, फॉर्मसाठी नाही, तुमच्यासाठी. आईकडून, वडिलांकडून कोणाला?"

"माही माय तुमी पाह्यली हाये," धावजी म्हणाला. "रुपीबाई. नव्वदीपावतर पान्याचा हंडा उचले."

खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर त्याला जड गेलं असतं. हे खऱ्याचं बोट धरून आलेलं होतं, तसंच बारा वर्षांपूर्वी आलं होतं. त्या दिवसाकडे धावजी सहसा मान वळवत नसे. आज नलू समोर बसलेली होती, मान वळवायला जागा नव्हती.

बारा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा शीलाच्या लग्नाचा. शीला धावजीची एकुलती लेक, नलू तिच्या वर्गातली, दोघी एकाच सायकलवर शाळेत जायच्या. शीलाचं दारव्ह्याच्या नयनशी ठरलं होतं. त्याच महिन्यात नलूला केळापूरकडच्या तांड्यातलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, दोघांची पसंती झालेली, गूळ फोडून परातीत ठेवलेला. गूळ वाटला की सोयरीक पक्की. पण वाटण्याआधी मुलाकडचा वडीलधारा माणूस मुलीच्या तांड्याच्या कारभाऱ्याला विचारतो, घर कसं? आणि कारभारी म्हणतो, घर चांगलं. एवढीच रीत. धावजीने अशी दोन शब्दांची साक्ष पन्नास घरांची दिली होती, आणि त्यांतली सगळीच काही चांगली नव्हती.

त्या दिवशी त्याने पाढा सुरू केला. हिचा पणजा बाजेवर मेला, हात कापत मेला. आजा मेला तो तसाच. चुलता तसाच. बाप तुमच्यासमोर बसला आहे, पाहून घ्या. आवाज चढवला नाही, एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. नंतर कित्येक दिवस तो स्वतःला सांगत होता की कारभाऱ्याने खरं सांगायला नको तर कोणी सांगायचं. पण खऱ्याची एवढी हौस त्याला त्याच दिवशी का आली, याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. दारव्ह्याचे व्याही त्या दिवशी पाहुणे म्हणून तिथेच बसले होते. धरमसिंगच्या घरापासून आपलं घर जितकं लांब दिसेल तितकं त्याला लांब दाखवायचं होतं.

आणि मग धरमसिंग उठला. तेव्हा त्याची जीभ नुकतीच जड झाली होती. खांबाला धरून, झुलत, तो अर्धं मिनिट बोलला. पन्नास माणसांना त्यातलं अक्षर कळलं नाही. धावजीला सगळं कळलं. दीड वर्ष ज्याच्याबरोबर बकऱ्या राखल्या त्याचं बोलणं कळायला जीभ साफ असावी लागत नाही. धरमसिंग म्हणत होता, तुझी याडी, तुला जन्म देणारी सुखी, माझी सख्खी आत्या होती. आमचं रक्त वाईट तर तुझं कोणतं चांगलं? माझ्या पोरीचं सांगतोस तर तुझ्याही पोरीचं सांग.

धावजी म्हणाला, "हा पेऊन आला. बसवा याले."

दोघांनी धरमसिंगला खांद्याला धरून बसवलं. लोक हसले. गूळ परातीत तसाच राहिला आणि पाहुणे चहा न घेता गेले. आठ दिवसांनी शीलाचं लग्न झालं. नलू त्या लग्नात वाढायला होती.

पुढच्या जानेवारीत डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, रक्ताच्या नात्यात कोणी? एकदा तसं बोलून बसलेला माणूस काय सांगणार होता.

"काका," नुजहत म्हणत होती, "सांगायचं नसेल तर मी जबरदस्ती करू शकत नाही. रक्त तपासायचं की नाही तेही तुम्हीच ठरवायचं. फक्त एक. शीलाताई परवा येऊन गेल्या."

"शीला? कायले?"

नुजहतने नलूकडे पाहिलं. नलू खाली पाहत म्हणाली, "निरोगी बाया कमी पडून राह्यल्या व्हत्या, काका. म्याडमनं फोन करून तिले इचारलं, ती हो म्हनली. नयनभाऊच्या जीपनं आली, पट्टीवर चालली, पोरीची शाळा सुटाच्या आत वापस गेली. तुमच्याकडं यायले टाइम नाई भेटला म्हने."

नुजहतच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा होता. वरचाच कागद शीलाचा होता. धावजीने अक्षरावरून ओळखला, डावीकडे कललेलं अक्षर, शाळेत मास्तर ज्याच्यावरून तिला बोलायचे. शेवटच्या प्रश्नासमोर तिने लिहिलं होतं: नाही. खाली सही केली होती, पूर्ण नावानिशी, बापाच्या नावासकट.

त्या ‘नाही’कडे धावजी पाहत राहिला. शीलाने खोटं लिहिलं नव्हतं. बापाने सांगितलं ते लिहिलं होतं. अकरा वर्षं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं पोरीच्या हाताने कागदावर उतरलं होतं. रक्तातलं तिच्यात उतरलं असेल की नसेल, नाण्याच्या दोन बाजूंइतकाच तो भरवसा. हे मात्र नक्की उतरलं होतं, ते त्याला दिसत होतं. आज तो गप्प बसला तर शीलाला हे एक दिवस तिच्या पायांकडून कळणार. आणि बोलला तर कारभारीपण गेलं, लेकीच्या सासरी तोंड दाखवायला जागा नाही, आणि समोर बसलेल्या या पोरीपुढे तर नाहीच नाही. दोन्हीकडे शरमच होती. फक्त एकीकडे ती त्याची एकट्याची होती.

"बाईले गोल काढतात ना तुमी?" त्याने विचारलं.

नुजहतने मान हलवली.

"मंग काढा. सुखीबाई. माही सख्खी माय. धरमसिंगच्या बापाची पाठची बहीन. साप चावून मेली म्हनून लडखडी दिसाची राह्यली." त्याने सतरंजीवर बोटाने एक गोल ओढला. "रुपीबाई बापाची दुसरी. म्या दरवर्षी तिचंच नाव सांगत गेलो."

नुजहत बराच वेळ लिहीत राहिली. मग तिने सांगितलं की निरोगी यादीतून त्याचं नाव काढावं लागेल, आणि त्याचे आकडे इतकी वर्षं निरोग्यांत धरले म्हणून हिशेब पुन्हा मांडावे लागतील, पण काम वाया गेलं नाही. उलट आजार दिसू लागायच्या आधीपासून कोणाला इतकी वर्षं पाहत आल्याचं तिच्याकडे दुसरं उदाहरण नव्हतं. रक्ताने पुरावा दिला तर त्याचे हे अकरा वर्षांचे कागद फार मोलाचे ठरतील. ती हे त्याला धीर द्यायला म्हणाली. धावजीला त्यानेच जास्त लाज वाटली. खोटं बोलूनही आपण कोणाच्या तरी कामी आलो, ही काही सहन होण्यासारखी गोष्ट नव्हती.

नुजहत फोन आला म्हणून बाहेर गेली. खोलीत नलू राहिली. धावजीने तिच्याकडे न पाहता म्हटलं, "तुह्या बापानं त्या दिवशी हेच सांगितलं व्हतं."

"मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. बाबा घरी येऊन तेच बोलत राह्यले, धा खेपा, ईस खेपा. आमाले समजते त्यायचं बोलनं. आई चालली व्हती तांड्यात सांगाले. म्याच आडवली."

"काहून?"

नलूने सतरंजीचं टोक सरळ केलं. तिचा आवाज साधाच होता, कोणाला पत्ता सांगावा तसा. "शीलाचं लगन आठ दिवसांवर व्हतं. आमचं मोडलं ते मोडलं. तिचं काहून मोडाचं? ती माही मैतरीन हाये, काका."

बारा वर्षं धावजीला वाटत आलं होतं की त्याचं गुपित त्याच्या चतुराईने टिकलं. ते त्याने जिचं घर मोडलं तिच्या मेहेरबानीने टिकलं होतं, आणि तीच त्याच्या मागे हात पसरून चालत होती, दरवर्षी, पडू नये म्हणून. एवढा लहान तो आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याला वाटलं, नलूने शिव्या दिल्या असत्या तर उभं राहता आलं असतं.

त्याने खिशातून मोबाईल काढला. बोट बटणावर नीट पडेना, तेव्हा नलूने शीलाचा नंबर लावून दिला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. त्याने पोरीला सगळं सांगितलं, सुखीबाईपासून गुळाच्या परातीपर्यंत. मधे कुठे थांबला नाही, थांबला असता तर पुढे गेलाच नसता. पलीकडे कुकरची शिटी झाली, कोणीतरी गॅस बंद केला. शीला रडली नाही. तिने विचारलं, "म्हंजे माह्यापाई नलूचं मोडलं?"

"तुह्यापाई नाई. माह्यापाई."

"मी नयनले आज सांगते. तपासनीचं आमी दोघं पाहू. तुमी आता कोनाले खोटं सांगू नका, बापू." आणि मग, "धरमसिंगकाकाले सांगितलं का?"

"नाई."

"मंग माह्याशी काय बोलून राह्यले? तिकडं जा."

समाजमंदिरापासून धरमसिंगचं घर सव्वाशे पावलांवर. काठी भिंतीला टेकलेली होती ती धावजीने घेतली नाही. का घेतली नाही, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भर दुपारी, अख्ख्या तांड्यादेखत, तो पाय फाकवून, डावीउजवीकडे झोक जात, रस्त्याने निघाला. मागे नलू होती, दोन्ही हात पसरून, हात न लावता.

बादलच्या पानटपरीवर चार जणं बसले होते. बादल तोंडाळ माणूस, अंगठा ओठाला लावून म्हणाला, "काय कारभारी, आज दुपारीच?" बाकीचे हसले. बारा वर्षांपूर्वी हसले होते त्यांतले दोघं त्यांत होते.

धावजी विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. "पेलो नाई, बादल. लडखडी हाये. धरमसिंगच्या घरची. माही माय त्या घरची लेक व्हती." श्वास घेऊन त्याने पुरतं केलं. "आन धरमसिंगही त्या दिवशी पेला नव्हता. म्या खोटं बोललो व्हतो."

कोणी हसलं नाही. बादलने पानाला चुना लावता लावता हात थांबवला. धावजीने खांब सोडला आणि पुढे निघाला.

धरमसिंग अंगणात उन्हात बाजेवर होता. पाच वर्षांपासून तो तिथेच असायचा, सकाळी ऊन आलं की बाहेर, ऊन उतरलं की आत. अंग सुकलेलं, डोळे मात्र जागे. धावजी अंगणात आला तेव्हा त्याने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. त्या चालीला ओळखणारा त्याच्यासारखा दुसरा कोण होता.

धावजी बाजेसमोर उभा राहिला. त्याने वाटेत जुळवलेलं सगळं निसटलं. "धरम," तो म्हणाला. या नावाने त्याने त्याला बकऱ्यांच्या दिवसांनंतर हाक मारली नव्हती. "तू त्या दिवशी बोलला ते मले समजलं व्हतं. सगळं. एकूनएक."

धरमसिंगचे ओठ हलले. मान एका बाजूला गेली, परत आली, घशातून आवाज निघाला, तुटला, पुन्हा निघाला. पार अर्धं मिनिट लागलं. नलू मागून पुढे झाली, दरवर्षी डॉक्टरला सांगायची तशी सांगायला, आणि थांबली.

"समजलं का, काका?" तिने विचारलं.

"समजलं," धावजी म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो फुटू दिला. "म्हनते, बस इथं. पडशीन."

धरमसिंगने अंग जेमतेम चार बोटं सरकवलं होतं. तेवढ्या जागेवर, बाजेच्या कडेला, धावजी बसला.